ऑगस्टाच्या थडग्याशी

आमच्या ओहायोतल्या गावात ऑक्टोबरात दफनभूमीची फेरी असायची. नामवंतांच्या थडग्यांशी गावकरी त्यांच्या वेशात उभे राहत आणि त्यांचं आयुष्य स्वतःचंच असल्यासारखं सांगत. गरम हवेच्या फुग्यातून सरोवर ओलांडणारी ऑगस्टा थॉर्नक्विस्ट कितीतरी वर्षं मीच होते.

"दोन बायका सांभाळतोय," माझा नवरा व्हर्नन सगळ्यांना ऐकवायचा, "आणि पॅनकेक एकीलाही धड जमत नाहीत."

त्या दुपारी तो थडग्यासमोरच्या बाकावर बसला होता. माझं सांगून झालं, टाळ्या पडल्या, लोक पुढच्या थडग्याकडे गेले. मी त्या उंच दगडाआड जाऊन झालरीची टोपी काढली, केस सारखे केले आणि बाहेर आले.

"चल, घरी जाऊ."

तो अदबीनं उठला.

"फार छान सांगितलंत हो, बाई. पण मी थांबतो जरा. बायको टोपी काढायला मागे गेलीय."

"पुरे तुझी चेष्टा! मीच आहे, लोर्ना."

तो ओशाळून हसला. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत त्यानं हाक मारली, "लोर्ना, आटप की गं!"

"आले, आले," दगडामागून माझाच आवाज आला.