भिंतीपलीकडचं जोडपं

ऐन सुट्टीत गेस्ट हाऊस खच्चून भरलेलं, आणि सकाळी सकाळी कोपऱ्यातल्या खोलीतला पाहुणा मालकावर तणतणत आला.

"शेजारचं जोडपं रात्रभर भांडत होतं. त्यांना हाकला, नाहीतर आम्ही निघालो."

मालकाने घाईघाईने हात जोडले. "आत्ता समज देतो, साहेब."

"बाई म्हणजे नुसती तोफ. आणि नवरा एकदम शामळू."

"शामळू नसेल हो," मालक पुटपुटला, "समजूतदार असेल."

तेवढ्यात मालकाची बायको चहा घेऊन आली. कप पाहुण्यापुढे आदळत म्हणाली, "साहेब, आज अदलाबदल करू. तुम्ही आमच्या जागी स्टोअररूममध्ये झोपा आणि आमची खोली आम्हाला परत द्या. मग माझा आवाज आला तर सांगा."