सुईवरचं नाणं

"नाना, तुम्ही सुईच्या दांडीवर नाणं ठेवत होतात का?" रुपचंदभाऊंनी विचारलं, आणि आधार नानांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशावर गेला.

ठेवत होते. रेकॉर्ड शेवटाला आली की सुई नेमकी तिथेच उडी मारायची, म्हणून त्यांनी दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवलं होतं. सुई गप बसली. पण वर्षानुवर्षं ती तिथेच रुतत राहिली.

रुपचंदभाऊंनी रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. तिचा आतला पट्टा राखेसारखा भुरकट झाला होता. "वजनानं खाचा पार खरवडून निघाल्यात," ते म्हणाले. "इथे आता आवाज नाही नाना. नुसती खरखर आहे."

जळगावात केळीचे ट्रक भरून देणारा हा माणूस एरवी बोलायला गोड. रेकॉर्डच्या बाबतीत मात्र कोणाची भीड ठेवत नसे. कॅसेटींनी गावोगाव धुमाकूळ घातला तरी दर रविवारी त्याच्या माडीवर एकाच गाण्याच्या दोन-दोन रेकॉर्डी आळीपाळीनं लागत, आणि कुठलं प्रेसिंग, म्हणजे कारखान्यातली कुठली छपाई, सरस यावर तोतारामसारखे दोस्त हातघाईवर येत. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

आधार नानांना असली हौस नव्हती. त्यांना फक्त त्या रेकॉर्डच्या शेवटचं हसू हवं होतं.

हळदीची गाणी होती ती. पुढे लिलाबाई गायची, मागे चार बाया. त्यांत नानांची द्रौपदाबाई. मागच्या बायांचे आवाज एकमेकींत असे मिसळलेले की कोणाचा कुठला ते कळू नये. पण गाणं संपल्यावर, सुई उचलायच्या आत, एक बाई हसायची. एकटीच. द्रौपदाबाई गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटोही नव्हता. मग दोंडाईच्याच्या लाउडस्पीकरवाल्याकडे लग्नालग्नांत झिजलेली ही रेकॉर्ड सापडली, आणि खरखरीतलं ते हसू ऐकून नाना म्हणाले होते, हाईच ती.

आता तेही गेलं होतं. आपल्याच हातानं पुसलं होतं.

"भाऊ, आते तुमनी लावा," ते अजिजीनं म्हणाले. "गानं ऱ्हाऊ द्या. ती हासस ना, तठेच लावा."

नानांची रेकॉर्ड निळ्या लेबलची, मागाहून काढलेली. रुपचंदभाऊंकडे लाल लेबल होतं, पहिलं प्रेसिंग, जेमतेम वाजलेलं. त्याच्याच आशेनं नाना पहाटेची पॅसेंजर धरून आले होते. दोंडाईच्याच्या स्टेशनवर काखेतली रेकॉर्ड बघून लिलाबाईनं त्यांना हटकलं होतं. "काय आधारभाऊ, द्रौपदाले भेटाले चालनात का?" म्हणाली आणि हसत सुटली. हसणं संपता संपता उचकी लागल्यासारखा श्वास ओढायची तिची सवयच होती. नानांना राग आला नाही. भेटायलाच तर चालले होते.

रुपचंदभाऊंनी मऊ फडक्यानं लाल लेबलची रेकॉर्ड पुसली आणि सुई अलगद शेवटाकडे टेकवली. गाण्याची अखेरची ओळ माडीभर पसरली. एकेक बांगडी वेगळी ऐकू येत होती. मग ते हसू आलं, मोकळं, अगदी जवळून. आणि संपता संपता बाईनं उचकी लागल्यासारखा श्वास ओढला.

ही द्रौपदाबाई नव्हतीच. ही लिलाबाई होती, आज पहाटे स्टेशनवर हसलेली. झिजलेल्या रेकॉर्डीत तो श्वास त्यांना कधी ऐकूच आला नव्हता.

"वा रे वा!" शेजारी बसलेल्या तोतारामनं मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात पहिलं प्रेसिंग! बाई समोर बसल्यागत वाटते."

रुपचंदभाऊंनी सुई अलगद उचलली. "ऐकलंत ना नाना? किती लख्ख! घेऊन जा ही. आजवर माझ्या घरातून एक रेकॉर्ड बाहेर गेली नाही, पण ही तुमचीच."

नानांनी फिरणाऱ्या लाल लेबलावरून नजर काढली.

"नको भाऊ," ते म्हणाले. "मनीच लावा."

"तुमच्या रेकॉर्डीत आता काही उरलेलं नाही हो."

"लावा ना भाऊ. पाया पडस तुमना." नानांनी खिशातून ते गुळगुळीत नाणं काढून पुढे धरलं. "आनि हाई ठेवा वर."

तोताराम काही बोलणार, तोच रुपचंदभाऊंनी हातानं त्याला गप्प केलं. आपल्या सुईला ते कोणाला बोटही लावू देत नसत. त्यांनी निळ्या लेबलची रेकॉर्ड चढवली, सुई शेवटाला टेकवली, आणि नाणं स्वतःच्या हातानं दांडीवर ठेवलं.

खरखर सुरू झाली. नानांनी डोळे मिटून कान पुढे केला.

"आते ती हासी," ते म्हणाले.