नको म्हटलेली कॉफी

"नको काकू, मी कॉफी घेत नाही," मुग्धा म्हणाली आणि ओठ मिटूनच हसली. दात सरळ करण्यासाठी तिने पारदर्शक अलाइनर बसवले होते. कॉफीने त्यांच्यावर डाग पडतात, म्हणून आधी ते काढावे लागत. लाळेने भिजलेले अलाइनर चारचौघांत तोंडातून ओढून काढायची तिला फार लाज वाटे. ऑफिसातही ती गुपचूप बाथरूममध्ये जाऊन काढून यायची.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या, करुणाच्या घरी ती आली होती. करुणाच्या आईने पुढे केलेला कप हळूच ट्रेमध्ये परत ठेवला. "बरं. मग खालून सीलबंद पाण्याची बाटली मागवते. ती चालेल ना?"

त्यांनी हे इतक्या सवयीने विचारलं की मुग्धाला क्षणभर काही कळलंच नाही. तिने करुणाकडे पाहिलं. ऑफिसात दिवसातून दोनदा तिच्याबरोबर कॉफी पिणारी करुणा भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत होती. आपण जात बघून नको म्हणालो असं दोघींना वाटतंय, हे ध्यानात येताच मुग्धाचे कान तापले.

"अहो काकू, तसं नाही हो!" म्हणत तिने तिथंच तोंडात बोटं घातली. अलाइनर निघाले, लाळ हनुवटीवर आली. ती पुसत मुग्धा म्हणाली, "हे काढायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले."

करुणाला हसू फुटलं. आईने घाईघाईने कप मुग्धाच्या हातात दिला. "माफ कर गं पोरी. माझ्याच मनात भलतं आलं."

त्यांनीच माफी मागितल्यावर मुग्धाला पहिला घोट गिळवेना.