चिमूटभर पूड

"पुन्हा डोकं?" हरेशने विचारले.

"टाळूपासून मानेपर्यंत," योगिता भिंतीला टेकून म्हणाली. "बाजारात मंचुरियन खाल्लं ना. त्यातलं अजिनोमोटो बाधतं मला. पाण्याला आज तुम्हीच जा."

हरेश मोखाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. 'बाधणे' हा शब्द त्याला मान्य नव्हता.

"तोच घटक पिकलेल्या टोमॅटोतही असतो. टोमॅटो कधी बाधला तुला?"

"टोमॅटोची वकिली पुरे. हंडा घ्या."

दाराशी नाचणी पाखडत बसलेली त्याची आई रखमी पुटपुटली, "आमच्या वेळंला बायांना डोकी नव्हती वाटतं. होती ती हंड्याखाली."

हरेशने पैज लावली. डोकेदुखी अजिनोमोटोची ठरली, तर उन्हाळाभर विहिरीचे पाणी तो आणील. नाही ठरली, तर योगिता आणील, तेही कुरकुर न करता.

चाचणी त्याने काटेकोरपणे आखली. अजिनोमोटोची बंद पुडी विकत आणून आईच्या हाती दिली. रोज संध्याकाळी तिने मुगाचे कढण करायचे आणि मनाला येईल त्या दिवशी योगिताच्या वाटीत चिमूटभर पूड घालायची. चव कळू नये म्हणून लसूण भरपूर. पूड केव्हा घातली, हे आठवडा संपेपर्यंत तिने कोणालाही सांगायचे नाही. आईला अक्षरओळख नव्हती. पण कोणाच्या लग्नात कोणी कोणते भांडे दिले, हे तिला पाठ होते. शिवाय सुनेची बाजू घेतल्याचा आरोप तिच्यावर साऱ्या सूर्यमाळ गावात कोणी केला नसता. पक्षपात झालाच तर तो योगिताच्या विरुद्ध होईल, आणि तेवढी त्रुटी हरेशला चालणार होती.

त्या आठवड्यात योगिताचे डोके मंगळवारी दुखले आणि शुक्रवारी दुखले. दोन्ही दिवशी टँकर आला नव्हता. विहिरीवरून ती अंधार पडता पडता परतली आणि कढण उशिरा प्यायली. हा तपशील हरेशने गौण मानला.

रविवारी तिघे ओट्यावर बसली.

"सांग आई, पूड कधी घातलीस?"

रखमीने मान चोळली. "मंगळवारी. मग शुक्रवारी."

"एरवी एकदाही नाही?"

"माज्यावर इस्वास नाय, तर मला कशाला बसवलंस?"

हरेश हसला. पुरावा विरुद्ध गेला की मत बदलावे, असे तो दरवर्षी वर्गात सांगत असे. त्याने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलला.

"मास्तर, प्रयोगशाळा कुठं निघाली?" शेजारच्या लहान्याने आपल्या ओट्यावरूनच विचारले.

"खाली, विहिरीवर," हरेश म्हणाला. हरल्याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर नव्हते. प्रयोग निर्दोष झाला होता.

तो उतारावर दिसेनासा झाला, तसा रखमीने नाचणीच्या कणगीत हात खुपसला. आतून काढलेली पुडी तिने सुनेच्या ओंजळीत ठेवली.

"जपून ठेव, पोरी. पुढच्या उन्हाळ्याला लागंल."

योगिताने पुडी उलटसुलट करून पाहिली. ती अजून फोडलेलीच नव्हती.