सात जणी

"तुझ्यासारख्या सात जणींनी याआधी संख्याशास्त्र घेतलं होतं," मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. "सातही जणींनी अर्ध्यात सोडलं. म्हणून तुझ्या नावापुढे लाल खूण आलीय."

विद्यापीठाच्या विषयनिवड कक्षात ती माझ्यासमोर बसली होती. मांडीवरची पाच महिन्यांची लेक अर्जाचा कोपरा चोखत होती.

"माझ्यासारख्या म्हणजे?"

"बाळंतपणानंतर परत आलेल्या. जुने निकाल भरून हा प्रोग्राम मीच बनवलाय."

"मला बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव होते, ताई."

मला सत्त्याण्णव होते. संख्याशास्त्राच्या परीक्षेच्या दिवशी आई माझ्या बाळाला घेऊन व्हरांड्यात बसली होती. ते रडायला लागलं, दुधाने माझा कुर्ता भिजला, आणि पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "बाहेर जायचं तर पेपर देऊन जा." मी दिला. निकालात नुसतं 'अपूर्ण' आलं. प्रोग्राममध्ये मी तेवढंच भरलं. कारणाचा रकाना मीसुद्धा ठेवला नव्हता.

मला राहवेना. "ऐक, त्या सातांतली एक मी आहे. विषय अवघड नव्हता गं..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच लेकीच्या तोंडातून अर्ज हळूच सोडवून तिने संख्याशास्त्र खोडलं आणि समाजशास्त्र लिहिलं.

"तुम्हांलाच जमलं नाही, म्हणजे मशीन खरंच सांगतंय की, ताई."

ती गेल्यावर मी तिची नवी निवड भरली. स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: सल्ला यशस्वी.