बावीस छात्या

माणशी कमिशन मिळणार होतंच, वर बावीस एक्स-रेंचा खर्चही वाचणार होता. छत्रीबागेतले ठेकेदार दौलतराव भलतेच खुशीत होते. मानपूरचे बावीस मजूर गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडायला निघाले होते. तिथे अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ असते, म्हणून यार्डाला प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे हवा होता. दौलतरावांनी स्वतः त्याच यार्डात बारा वर्षं सुपरवायझरी केली होती, त्यामुळे त्यांना हे सगळे डॉक्टरांचे नखरे वाटत.

"अरे भिया, छाती काय, सगळ्यांची सारखीच," ते एक्स-रेवाल्याला म्हणाले. "माझीच काढ आणि बावीस नावं टाकून दे." मजूर आणि त्यांचा म्होरक्या रामभाऊ दारातून बघत राहिले.

चौथ्या दिवशी यार्डाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "दौलतरावजी, बावीसच्या बावीस अनफिट. अ‍ॅस्बेस्टॉसनं फुप्फुसं गेलीयेत. दुखणं जुनं आहे, यावर औषध नाही. एकालाही पाठवू नका."

कमिशन बुडालं म्हटल्यावर दौलतरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी मजुरांना बोलावून फैलावर घेतलं. "आतून सडलेले आहात तुम्ही सगळे. फुप्फुसं गेलीयेत म्हणे, औषधसुद्धा नाही. पहिले सांगता येत नव्हतं?"





रामभाऊ अदबीनं म्हणाला, "पण सेठ, फोटो तर एकट्या तुमचाच निघाला होता ना."