केसभर अंतर

“सांगितलं तर कुणाला पटायचं नाही,” म्हणत प्रोग्रामरकाकांनी बाह्या सरसावल्या. कारखान्याच्या मालकीणबाई आज धातू कापायच्या मशीनसाठी जुनं की नवं सॉफ्टवेअर हे ठरवणार होत्या, आणि नवं आलं की जुन्यात मुरलेल्या काकांची सद्दी संपलीच. जुन्याच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या रंगीत तालमीत, फक्त कटर आणि कापायचा तुकडा, अर्थात जॉब, दिसायचा. नव्यात जॉब धरून ठेवणारे क्लॅम्पही दिसत, आणि टक्कर होणार असली की पडदा आधीच लाल!

“लाल पडदा हवाय कुणाला? परवा कटर सुसाट क्लॅम्पवर निघाला. मी झडप घालून मशीन थांबवली, तेव्हा दोघांत केसभर अंतर! क्लॅम्पला ओरखडासुद्धा नाही.”

मालकीणबाईंनी मान डोलावली. काकांनी रोखलेला श्वास सोडला.



“काका,” दारातून मशीनवरच्या ताई म्हणाल्या, “मग तुम्ही या दाराला टेकण म्हणून लावलेला क्लॅम्प अर्धा कापला कुणी?”